बीजगणिताचा उंबरठा आणि आपण

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात वाचलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावांपुढे 'शिक्षणाचे महत्त्व' असा विषय छापला आहे. शिक्षणाच्या महत्त्वावर ह्या व्यासपीठावरून दरवर्षी एक भाषण होते, आपण ते शांतपणे ऐकतो आणि मग भोजनाला जातो. म्हणून संयोजकांची परवानगी घेऊन आम्ही विषय पुष्कळ लहान केला आहे. आम्ही एका अभ्यासक्रमाविषयी बोलणार आहोत. त्याचे नाव इंटरमीजिएट अल्जिब्रा, म्हणजे मधल्या पायरीचे बीजगणित. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत तो शिकविला जातो आणि आम्ही दोघी जावांनी तो कॅलिफोर्नियातील अशाच एका कॉलेजात, संध्याकाळच्या वर्गात बसून, २०११ साली पूर्ण केला. हे भाषण दोघींनी मिळून लिहिले असून थोरली ते वाचीत आहे. तेव्हा 'आम्ही' हा शब्द मोठेपणाचा न मानता शब्दशः दोघींचा मानावा.

आपल्या समाजातून ह्या देशात आलेली माणसे एकाच वाटेने आलेली नाहीत. काही जण नागपूरच्या तेव्हाच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून, आय.आय.टी.मधून किंवा वैद्यकीय महाविद्यालयांतून पदव्या घेऊन आले. त्यांचा आपणांस सार्थ अभिमान आहे आणि आपल्या स्मरणिकेत त्यांची छायाचित्रे दरवर्षी छापली जातात. परंतु दुसरीही एक वाट आहे. त्या वाटेने आश्रित व्हिसावर आलेल्या पत्नी आल्या, भावाने वा बहिणीने अर्ज केल्यावर बारा-पंधरा वर्षे थांबून आलेली भावंडे आली, मुलांच्या मागे आलेले आईवडील आले. ह्यांतील पुष्कळांचे शिक्षण जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत दहावी-बारावीपर्यंत झाले आणि तेथेच संसाराने वा गरिबीने थांबले. ती माणसे येथे किराणा दुकानात, मोटेलात, शाळेच्या स्वयंपाकघरात, वृद्धांच्या सेवेत राबतात. मेळाव्यात ती आपल्याला मुख्यतः भोजनगृहाच्या बाजूला भेटतात. आम्ही दोघी ह्या दुसऱ्या वाटेने आलो.

आश्रित व्हिसावर तेव्हा नोकरी करता येत नसे. २०१५ पासून काही अटींवर काहींना कामाचा परवाना मिळू लागला. शिकण्याला मात्र त्या व्हिसाची आडकाठी तेव्हाही नव्हती. ही साधी गोष्ट आम्हांला कित्येक वर्षे कोणी सांगितली नाही, आणि सभागृहातील काही भगिनींना ती आजही माहीत नसेल म्हणून प्रथम तीच सांगितली.

आता कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते थोडक्यात. १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट येथे एक ज्युनियर कॉलेज निघाले. आज चालू असलेल्या अशा सार्वजनिक संस्थांत ते सर्वांत जुने होय. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने घरापासून जवळ, अल्प खर्चात, सर्वांना खुली अशी महाविद्यालये देशभर काढावीत असे सुचविले, आणि पुढील दोन-तीन दशकांत ती गावोगाव निघाली. कॅलिफोर्नियात अठरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ह्या कॉलेजांत प्रवेश मिळतो. राज्याचा रहिवासी ठरलेल्या विद्यार्थ्याला एका युनिटला ४६ डॉलर शुल्क पडते आणि हा दर २०१२ च्या उन्हाळ्यापासून वाढलेला नाही. पाच युनिटांचा गणिताचा वर्ग २३० डॉलरांत होतो. पुस्तकालाच कधी कधी त्याच्या जवळपास पैसे पडतात.

आपल्या लोकांत ह्या कॉलेजाचे नाव काढले की एक विशिष्ट हसू उमटते. 'तिथे कोण जाते?' असे आम्हांला आपल्यांतल्याच एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारले होते. अशा वेळी आम्हांला मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आठवते. १९४६ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते सुरू केले, आणि दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरत. आपल्यांतील कित्येकांचे वडील वा आजोबा गिरणीत, रेल्वेत, टपालखात्यात काम सांभाळून अशाच वर्गांतून पदवीधर झाले. त्या वर्गांना कोणी हसले असते तर आपण काय म्हटले असते? संध्याकाळी सात वाजता कामाचा गणवेश न बदलता वर्गात येऊन बसणारी मेक्सिकन, व्हिएतनामी, फिलिपिनो, कृष्णवर्णीय माणसे आम्ही पाहिली तेव्हा आम्हांला ते कॉलेज परके वाटले नाही.

'इंटरमीजिएट' ह्या शब्दाचीही लाज वाटते असे काही भगिनी सांगतात. चाळिशीतल्या बाईने मधल्या पायरीच्या वर्गात, आणि तेही आपल्या मुलीच्या वयाच्या मुलांबरोबर बसावे काय? बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात आले तेव्हा ते मुंबईचे पदवीधर होते. तेथे त्यांनी अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम घेतले हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच यादीत प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन असे एकेक अभ्यासक्रमही आहेत. पीएच.डी.च्या प्रबंधाची तयारी करणारा तो विद्यार्थी ज्या वर्गात मुळाक्षरांपासून सुरुवात होते त्या वर्गात बसला, कारण त्याला पुढच्या कामासाठी ती भाषा हवी होती.

आता प्रत्यक्ष गणिताकडे वळू. २००९ च्या शरद सत्रापासून कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजाची दोन वर्षांची पदवी घेणाऱ्यास इंटरमीजिएट अल्जिब्रा वा त्या तोलाचा अभ्यासक्रम अनिवार्य झाला. त्यापूर्वी त्याच्या एक पायरी खालचे बीजगणित पुरत असे. थोरलीला परिचारिका व्हायचे होते, धाकटीला हिशेबनीस. एकीचा ओढा रुग्णसेवेकडे, दुसरीचा जमाखर्चाकडे. परंतु दोघींच्या वाटेत हेच एक दार होते. बालसंगोपन शिकणाऱ्या बाईलाही ते होते आणि चित्रकला शिकणाऱ्या मुलालाही.

दारापर्यंत पोहोचायलाही एक जिना होता. प्रवेश घेताना संगणकावर एक चाचणी द्यावी लागे आणि तीवरून कोण कोणत्या पायरीवर उभा राहणार ते ठरे. सर्वांत खाली अंकगणित, मग बीजगणिताची पूर्वतयारी, मग प्राथमिक बीजगणित, मग हे मधले, आणि त्यानंतर ज्याचे गुण विद्यापीठात धरले जातात असे खरे महाविद्यालयीन गणित. खालच्या पायऱ्यांना पूर्ण शुल्क, पूर्ण सत्र, पूर्ण मेहनत. विद्यापीठाच्या हिशेबात मात्र त्यांची किंमत शून्य. थोरलीला दोन पायऱ्या खाली बसविले, धाकटीला एक. धाकटीने एक सत्र इंग्रजीच्या वर्गात काढले आणि पुढच्या सत्रापासून आम्ही दोघी एकाच बाकावर बसू लागलो. घरी त्या दिवशी रात्रीची भाकरी आमच्या मिस्टरांनी थापली. ती कशी झाली ह्याविषयी येथे बोलत नाही. ते समोरच बसले आहेत.

मधल्या पायरीच्या ह्या बीजगणितात बहुपदींचे अवयव पाडणे, बैजिक अपूर्णांक, करणी, वर्गसमीकरणे, दोन वा तीन चलांची एकसामयिक समीकरणे, फलन, आणि शेवटी घातांक व लॉगरिथम एवढा भाग असतो. दहावीचे बीजगणित ज्यांनी मन लावून केले त्यांना ह्यातील निम्मे ओळखीचे वाटेल. आमचा अनुभव असा की मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी येथे रिकाम्या हाताने येत नाही. हे आपल्या लोकांना ठाऊक नसते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर बोलतो.

अवयव पाडणे म्हणजे पाढ्यांचा उलटा प्रवास. क्ष वर्ग अधिक अकरा क्ष अधिक चोवीस ह्याचे अवयव पाडायचे तर ज्यांचा गुणाकार चोवीस आणि बेरीज अकरा येते अशा दोन संख्या शोधायच्या. वर्गातील तरुण मुले कॅल्क्युलेटरवर बोटे फिरवीत असत. आमच्या ओठांवर 'आठ त्रिक चोवीस' आपोआप येई, आणि आठ व तीन अकरा. गुरुजींनी छडीच्या धाकाने पाठ करून घेतलेले तिसापर्यंतचे पाढे पंचवीस वर्षांनी आणि आठ हजार मैलांवर कामी आले.

अपूर्णांकांचेही तसेच. ह्या वर्गात निम्म्याहून अधिक मुले ज्या प्रकरणात अडतात ते बैजिक अपूर्णांकांचे, आणि त्यातली अडचण बहुधा बीजगणिताची नसते. अर्धा आणि एक तृतीयांश ह्यांची बेरीज करण्याचीच असते. छेद समान करायचे, त्यासाठी लसावि काढायचा, ही सवय नसली की क्ष आला काय नि गेला काय. आमच्या सासूबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी भंडारा जिल्ह्यातील आठवडी बाजारात भाजी विकून मुले शिकविली. साडेतीन रुपये किलोने अडीच किलोचे किती, असे विचारले की त्या 'पावणेनऊ' म्हणून मोकळ्या होत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ह्या प्रत्येकाला आपल्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे, आणि जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे त्यांचे पाढे होते. ज्या भाषेत अपूर्णांक इतक्या घरोब्याने वावरतो त्या भाषेच्या माणसाने त्याला भिण्याचे कारण नाही.

शाब्दिक उदाहरणांची भीती मात्र खरी, आणि ती इंग्रजीची आहे. 'फाइव्ह लेस दॅन अ नंबर' असे पुस्तकात लिहिलेले असते. इंग्रजीत पाच हा शब्द आधी येतो, म्हणून विद्यार्थी पाच वजा क्ष असे लिहून मोकळा होतो. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचीही येथे फसगत होताना आम्ही पाहिली. मराठीत आपण 'एका संख्येपेक्षा पाचने कमी' म्हणतो. संख्या आधी, पाच नंतर, आणि समीकरणही त्याच क्रमाने: क्ष वजा पाच. 'एका संख्येच्या दुपटीहून तीनने कमी' म्हटले की दोन क्ष वजा तीन कागदावर आपोआप उतरते. आमची रीत अशी ठरली की प्रत्येक शाब्दिक उदाहरण प्रथम मराठीत म्हणायचे आणि मग मांडायचे. ही रीत कोणत्याही पुस्तकात आम्हांला आढळली नाही. ती आपणांस ह्या भाषणाची भेट समजावी.

आणि ऋण संख्या! वजा गुणिले वजा अधिक का, हा प्रश्न आमच्या वर्गात एका वयस्क मेक्सिकन गृहस्थांनी तीनदा विचारला, आणि तिन्ही वेळा त्यांना 'तसा नियम आहे' असे उत्तर मिळाले. आपण मात्र अधिक संख्येला धन आणि उणे संख्येला ऋण म्हणतो. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने धन आणि ऋण ह्याच शब्दांत त्यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम सांगितले. कर्जाचे शंभर डॉलरचे पाच हप्ते सावकाराने माफ केले तर आपण पाचशेने सधन झालो. ऋण शंभर, ऋण पाच वेळा, म्हणजे धन पाचशे. धाकटीने हे त्या गृहस्थांना मध्यंतरात कागदावर दाखविले. कर्ज काय असते हे त्यांना चांगले माहीत होते, त्यामुळे समजायला वेळ लागला नाही.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणित' हा ग्रंथ लिहिला, आणि चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्राच्या मातीत बीजगणिताची शाळा होती. त्या शाळेत कोण बसत असेल आणि तिच्या वेशीबाहेर कोण राहत असेल, हे ह्या सभागृहात सांगण्याची आवश्यकता नाही.

एल्फिन्स्टन हायस्कुलातील फळ्याची हकीकतही आपणांस ठाऊक आहे. शिक्षकांनी भीमरावांना उदाहरण सोडविण्यासाठी फळ्यापाशी बोलाविले आणि वर्गात एकच गलका झाला. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते, आणि भीमराव तेथे पोहोचण्यापूर्वी ते हलविण्यासाठी मुले धावली. ही हकीकत आपण अन्यायाचे उदाहरण म्हणून सांगतो. आम्हांला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते: ते उदाहरण गणिताचे होते, आणि त्या मुलाला ते सोडविता येत असे.

थोरलीच्या वेळी काळ बदललेला होता. तिच्या गावच्या शाळेत डबे बाजूला केले जात नसत. सात वर्षांत तिला एकदाही फळ्यापाशी बोलाविले गेले नाही, इतकेच. मारले नाही, हाकलले नाही, बोलाविले नाही. तिला उत्तर येत असे तेव्हा हात वर राही आणि मग खाली येई. पुढे हात वर करणेच थांबले. आपल्यातील किती भगिनी 'मला गणित येत नाही' असे म्हणतात तेव्हा त्यांना खरोखर येत नव्हते की त्यांना कोणी विचारले नव्हते, ह्याचा शोध प्रत्येकीने आपल्यापुरता घ्यावा.

कॉलेजातील आमचे शिक्षक स्वतः दुसऱ्या देशातून आलेले होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी यादीतील क्रमाने एकेकाला फळ्यापाशी बोलाविण्यास सुरुवात केली. वर्गात आमची जात कोणालाही माहीत नव्हती, ती विचारण्याचे कोणाच्या मनातही नव्हते. तरीही थोरलीचे नाव उच्चारले गेले तेव्हा तिचे पाय उठेनात. धाकटीने तिच्या हातातील पेन काढून घेतले आणि कोपराने ढोसले. मग ती गेली. वर्गसमीकरण होते, पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवायचे. सहगुणकाचा निम्मा, त्याचा वर्ग, दोन्ही बाजूंस मिळविला, वर्गमूळ घेतले, धन आणि ऋण दोन्ही लिहिले. उत्तर बरोबर होते. कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. सरांनी 'नेक्स्ट' म्हटले आणि पुढचे नाव पुकारले. घरी परतताना गाडीत आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

बीजगणिताचा आणि माणुसकीच्या हक्कांचा संबंध आम्ही ओढूनताणून जोडीत आहोत असे कोणास वाटेल. तो ह्या देशातील एका थोर माणसाने आमच्याआधी जोडला आहे. रॉबर्ट मोझेस हे हार्लेममध्ये १९३५ साली जन्मलेले गणिताचे शिक्षक. १९६१ साली ते मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंदणी करण्यासाठी गेले. तेथे नोंदणीसाठी साक्षरतेची परीक्षा असे. राज्याच्या घटनेतील एखादे कलम काढून त्याचा अर्थ सांगा म्हणत, आणि उत्तर बरोबर की चूक हे गोरा कारकून ठरवी. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना शाळा नाकारली त्यांनाच निरक्षर म्हणून मत नाकारायचे, असा तो कावा होता. मोझेस यांना मारहाण झाली, तुरुंग झाला. पुढे काही वर्षे त्यांनी टांझानियात अध्यापन केले. परत आल्यावर १९८२ मध्ये केंब्रिज येथे, आपल्या मुलीच्या शाळेत बीजगणित शिकविण्याची सोय नाही हे पाहून त्यांनी ते शिकविण्यास आरंभ केला, आणि त्यातून 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' ही चळवळ उभी राहिली. त्यांचे म्हणणे असे होते की यंत्रयुगात कामगाराला जशी अक्षरओळख, तशी संगणकयुगात नागरिकाला बीजगणिताची ओळख लागते. ज्याला ती नाही तो नव्या अर्थव्यवस्थेतला वेठबिगार होईल. २०२१ साली ते निवर्तले.

मोझेस यांची शिकविण्याची पद्धत आपल्यालाही घेण्याजोगी आहे. ते मुलांना बोस्टनच्या भुयारी रेल्वेत बसवीत. कोणते स्थानक आरंभीचे, तेथून कोणत्या दिशेला आणि किती स्थानके, ह्यांवरून धन आणि ऋण संख्या मुलांच्या अंगवळणी पडत. आम्ही आमच्या घरी नागपूर शून्य धरले, भंडाऱ्याकडे धन, वर्ध्याकडे ऋण. सासूबाई फोनवरून तपासनीसाचे काम करीत.

परंतु प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने २०१३ च्या शरद सत्रात तीन कम्युनिटी कॉलेजांत एक प्रयोग केला. ज्यांना चाचणीने प्राथमिक बीजगणितात ढकलले होते अशा विद्यार्थ्यांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून काहींना त्याच वर्गात ठेवले आणि काहींना थेट महाविद्यालयीन संख्याशास्त्राच्या वर्गात, जोडीला साहाय्याचा तास देऊन, बसविले. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: बीजगणितात ३९ टक्के उत्तीर्ण, संख्याशास्त्रात ५६ टक्के. पुढे पदवी मिळविण्याचे प्रमाणही संख्याशास्त्र घेतलेल्यांत अधिक आढळले. म्हणजे खालच्या पायरीवर बसविलेले कित्येक जण वरच्या पायरीवर उभे राहू शकत होते. चाचणीने त्यांना ओळखलेच नव्हते. आमच्या वर्गातील खुर्च्या आठवड्यागणिक रिकाम्या होत गेल्या होत्या, त्या माणसांची आम्हांला आठवण झाली. त्यांत दोन पाळ्यांत काम करणारी एक कृष्णवर्णीय आई होती. ती अत्यंत हुशार होती. तिला बालवाडी शिक्षिका व्हायचे होते, आणि लॉगरिथमवाचून ते अडले.

कॅलिफोर्नियाने २०१७ साली असेंब्ली बिल ७०५ हा कायदा केला आणि २०१९ च्या शरद सत्रापासून चाचणीचा जिना मोडून काढला. माध्यमिक शाळेतील गुण पाहून विद्यार्थ्याला थेट विद्यापीठाच्या तोलाच्या गणितात बसवावे, हवे तर जोडवर्ग द्यावा, असे ठरले. २०२२ च्या असेंब्ली बिल १७०५ ने ते अधिक कडक केले. परिणामी अनेक कॉलेजांनी इंटरमीजिएट अल्जिब्राचा वर्ग कमी केला किंवा बंदच केला.

आम्ही ह्याचे स्वागत करतो, आणि तरीही आमच्या मनात एक शंका आहे. चाचणी अन्यायाची होती हे खरे. मिसिसिपीतील त्या परीक्षेशी तिचे नाते दूरचे का होईना, होते. पण आपल्यातील जी भगिनी बारावी कला शाखेतून आली, जिने पंचवीस वर्षे समीकरण पाहिलेले नाही आणि जिला आरोग्यसेवेचे वा संगणकाचे शिक्षण घ्यायचे आहे, तिला बीजगणित माफ झाले म्हणजे बीजगणित आले असे होत नाही. रुग्णाच्या वजनावरून औषधाची मात्रा काढताना थोरलीला आज प्रमाण आणि अपूर्णांक रोज लागतात; तेथे कोणताही कायदा तिच्या मदतीला येत नाही. घरकर्जाचा हप्ता कसा ठरतो हे धाकटी घातांकाच्या सूत्रावरून समजावू शकते, आणि आपल्यातील दोन कुटुंबांनी सही करण्यापूर्वी तिच्याकडून ते समजून घेतले आहे. ज्यांच्या घरात तीन पिढ्या अभियंते आहेत त्यांना हे शिक्षण घरीच मिळते. आपल्याला ते कोठून मिळणार? मधली पायरी काढून टाकली तर उंच उडी कोण मारतो, हे पाहिले पाहिजे. आमच्या मते पायरी राहावी. तिच्यावर कोणी कोणास बळे बसवू नये.

तेव्हा ज्यांना प्रवेश घ्यायचा आहे त्यांनी प्रथम हे विचारावे: मला ज्या शाखेत जायचे आहे तिला बीजगणित लागते की संख्याशास्त्र? कॉलेजातील समुपदेशकाला भेटून हे लेखी घ्यावे, कारण राज्याराज्यांत नियम भिन्न आहेत. न्यू जर्सी वा टेक्सासमधील भगिनींनी कॅलिफोर्नियाचा नियम गृहीत धरू नये. कॉलेजात हा वर्ग नसेल तर प्रौढ शाळेत विनाशुल्क वर्ग चालतो का ते पाहावे. आणि शिक्षकांच्या भेटीची जी वेळ ठरलेली असते तिचा संकोच करू नये. 'सरांना उगाच त्रास' ही आपली भावना येथे उपयोगी नाही. त्या वेळेचा त्यांना पगार मिळतो, आणि बहुतेक वेळा ते एकटेच बसलेले असतात.

पतिराजांनाही दोन शब्द. आठवड्यातून दोन संध्याकाळी घरात स्वयंपाक तयार नसेल. आपली मुलगी नववीत तेच बीजगणित शिकत असेल तर ती आईवर खेकसेल, तिला आवरावे. आमच्या घरी आई आणि मुलगी एकाच टेबलावर एकच प्रकरण सोडवीत, आणि मुलीचा उतावळेपणा आईच्या लसाविने कित्येकदा सावरला.

पुढील महिन्याच्या पहिल्या शनिवारपासून सकाळी दहा ते बारा, येथील सार्वजनिक वाचनालयाच्या लहान सभाकक्षात आम्ही दोघी बसणार आहोत. शुल्क नाही. सुरुवात अपूर्णांकांपासून होईल आणि शिकविणे मराठीत होईल. भोजनगृहाच्या बाजूला ज्या भगिनी आत्ता भाकऱ्या मोजीत उभ्या आहेत त्यांनी विशेष करून यावे. नावे आम्ही आजच लिहून घेऊ. येताना दोनशे पानी वही आणि शिसपेन्सिल आणावी, कॅल्क्युलेटर घरी ठेवावा. त्या खोलीत एक फळा आहे आणि प्रत्येकीची पाळी येणार आहे.

जयभीम.